कलर विडो, जांभळा पॅरट, चकाकता ग्लासफिश: यातले रंगवलेले मासे कुठले?

टँकवाला_परळ

दादरला एका दातांच्या दवाखान्यात ३ फुटी टँक बसवतोय (३६ बाय १५ बाय १८ इंच, गोडं पाणी). लहान पेशंट बरेच, त्यामुळे डॉक्टरांना "निळं-जांभळं काहीतरी" हवंय. कुर्ल्याला आणि क्रॉफर्ड मार्केटला, दोन्हीकडे हेच तीन पर्याय पुढे येतात:

१) कलर विडो टेट्रा. गुलाबी, निळा, हिरवा, जांभळा. दुकानदाराचं म्हणणं, "रंग जन्मापासूनचा आहे."
२) पॅरट, जेमतेम दीड इंची, जांभळे आणि निळे. "इम्पोर्टेड फूडवर वाढवलेत."
३) ग्लासफिश, पाठीला आणि पोटाखाली चमकदार गुलाबी-हिरवा पट्टा. "जातच तशी."

रंगवलेले मासे मला या टँकमध्ये नकोत, आणि डॉक्टरांनाही ते पटलंय. पण त्यांनी हौसेनं चार ग्लासफिश आधीच आणलेत. सध्या ते एका बादलीत एअर पंपावर आहेत, एकाच्या शेपटीच्या कडेला पांढरी गाठ आहे.

दुकानात उभ्या उभ्या ओळखायचं कसं? या चार माशांचं काय करायचं? आणि मुंबईच्या पाण्यात नीट जगेल असा खरा निळा मासा कुठला?

सह्याद्री_बार्ब

तिसऱ्या पर्यायापासून सुरुवात करतो, कारण तिथे शंकेला जागाच नाही.

ग्लासफिश म्हणजे पॅराम्बॅसिस रंगा, आपल्याच उपखंडातल्या नद्या-तळ्यांतला मासा. अंग पारदर्शक, आतला काटा दिसतो, पोटाची चंदेरी पिशवी दिसते. मूळ रंग म्हणाल तर उजेडात किंचित पिवळसर झाक, आणि विणीच्या दिवसांत नराच्या परांना निळसर कड. बस. गुलाबी, हिरवा, नारिंगी पट्टा असलेली ग्लासफिशची जात अस्तित्वातच नाही. तो रंग सिरिंजने भरलेला असतो. इंच-दीड इंचाचा मासा हातात धरून पाठीच्या परालगत आणि पोटाच्या कडेने एकदा नव्हे, अनेकदा टोचतात, तेव्हा कुठे सलग पट्टा दिसतो. इतक्या लहान अंगात बारीकातली सुईसुद्धा कातडी आणि स्नायू फाडत जाते. त्यात रंगाचं द्रावण निर्जंतुक नसतं, आणि एकच सुई मागून पुढे शेकडो माशांत फिरते. पारदर्शक मासा याच कामासाठी निवडला जातो, कारण आत भरलेलं बाहेरून दिसतं.

जवळून बघायचं तर दुकानदाराला मासा पिशवीत घ्यायला सांगा, पिशवीमागे मोबाइलचा टॉर्च धरा. रंग कातडीवर सारखा पसरलेला नसतो, आत गोळ्या-गोळ्यांनी साचलेला असतो. पट्टा मध्येच तुटतो, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक. परांच्या मुळाशी टोचल्याचे ठिपके किंवा खवला उचललेला दिसू शकतो. जन्मजात खुणा दोन्ही बाजूंना जवळपास सारख्या असतात आणि दहा माशांत एकाच जागी असतात. इथे प्रत्येक मासा वेगळा.

आता "फूड"चा दावा. मासा लाल-पिवळी कॅरोटिनॉइड द्रव्यं स्वतःच्या शरीरात बनवू शकत नाही, ती खाण्यातूनच येतात. म्हणून अ‍ॅस्टाझँथिन, स्पिरुलिना, कोळंबीचं टरफल यांनी लाल, नारिंगी, पिवळा रंग खुलतो, आणि यात गैर काही नाही. निळ्याचं मात्र तसं नाही. माशाचा निळा बहुतेक वेळा रंगद्रव्याचा नसतोच, कातडीतल्या पेशींमध्ये ग्वानिन या द्रव्याचे सूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांवरून प्रकाश परतताना निळा दिसतो. ती रचना आनुवंशिक असते. कुठलंही खाद्य देऊन नारिंगी मासा निळा किंवा जांभळा होत नाही. दुकानदार निळ्या रंगाचं श्रेय फूडला देत असेल तर तिथेच समजायचं.

म्हणून तुमचा दुसरा पर्यायही निकालात निघाला. ब्लड पॅरट हा तैवानमध्ये तयार झालेला संकर, त्याचा रंग नारिंगी-लाल, किंवा पिवळट. पिल्लं करडी-काळपट असतात, मोठी होताना नारिंगी होतात. दीड इंची जांभळा पॅरट म्हणजे रंगवलेला, बाकी काही नाही. शेपूट नसलेला, बदामाच्या आकाराचा "लव्ह हार्ट" पॅरट कुणी दाखवला तर त्याची शेपूट लहानपणी कापलेली असते. लेझरने अंगावर नक्षी किंवा अक्षरं उमटवलेलेही येतात. तेही याच धंद्यातले.

मऊपाणी

विडोबद्दल जरा सांभाळून बोलायला हवं, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात.

पहिली म्हणजे बुडवून रंगवलेला व्हाइट विडो, म्हणजे विडो टेट्राची पांढरी जात. मासा आधी दाहक द्रावणात टाकतात, त्याने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मग रंगाच्या द्रावणात. मग पुन्हा कसल्यातरी उत्तेजक द्रावणात, की नवा बुळबुळीत थर येऊन रंग खाली अडकावा. हा थर म्हणजे माशाचं अंगभर पसरलेलं संरक्षण आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात क्षार जास्त, बाहेरच्या पाण्यात कमी, त्यामुळे पाणी सतत आत घुसतं आणि क्षार बाहेर झिरपतात. थर गेला की मूत्रपिंडावर ताण, आणि जंतू-परजीवींना दार उघडं. दुकानात पोचतात ते यातून वाचलेले.

दुसरी म्हणजे जनुकीय बदल केलेला विडो. यात जेलीफिश किंवा प्रवाळाचं चकाकणाऱ्या प्रथिनाचं जनुक घातलेलं असतं. अमेरिकेत असे झेब्रा डॅनियो (छोटे पट्टेवाले मासे) २००३-०४ पासून विकले जातात, टेट्रा २०१२ पासून. यात सुई नाही, द्रावण नाही, रंग पिल्लांतही उतरतो. म्हणजे दुकानदाराचं "जन्मापासूनचा" हे वाक्य काही माशांपुरतं खरंही असू शकतं. पण भारतात जनुकीय बदल केलेल्या सजीवांना १९८९ च्या नियमांखाली जीईएसी या केंद्रीय समितीची परवानगी लागते, आणि शोभेच्या अशा माशांना ती दिलेली नाही. तेव्हा हा पर्यायही दवाखान्यासाठी नको.

दोन्हींतला फरक ओळखताना लोक निळा टॉर्च मारून बघतात. त्याच्यावर विसंबू नका. टोचलेला किंवा लावलेला रंगही चमकणारा असू शकतो. त्यापेक्षा हे बघा: बुडवलेल्या माशात परांच्या मुळाशी आणि खवल्यांच्या कडांना रंग गडद, मध्ये फिका, आणि एकाच टाकीत कुणी भडक तर कुणी धुतल्यासारखा. जनुकीय माशात रंग अंगभर एकसारखा आणि सगळ्यांत एकाच ताकदीचा. खात्री हवी असेल तर वेळच सांगतो: लावलेला रंग काही महिन्यांत उतरतो, जनुकीय उतरत नाही.

गिरगाव_अ‍ॅक्वा

दुकानदारांचं ठरलेलं उत्तर असतं, "माशाला कुठे दुखतं?" त्यावर सांगायला ठोस गोष्ट आहे. २००३ साली संशोधक लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउट माशाच्या डोक्यावर ५८ संवेदी जागा तपासल्या, त्यांतल्या २२ वेदना ओळखणाऱ्या निघाल्या. ओठात मधमाशीचं विष किंवा अ‍ॅसिटिक आम्ल टोचलेले ट्राउट अंग डोलवत राहिले, आम्लवाले ओठ खड्यांवर घासत होते, आणि नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांपेक्षा कितीतरी उशिरा खायला आले. तिथे एकदा टोचलं होतं. इथे ग्लासफिशला पाठीपासून पोटापर्यंत टोचतात, आणि तेही भुलीशिवाय.

दुसरं, हे थांबवता येतं. ब्रिटनमध्ये 'प्रॅक्टिकल फिशकीपिंग' मासिकाने १९९६ मध्ये मोहीम काढली आणि दुकानांकडून "आम्ही रंगवलेले मासे ठेवणार नाही" असं लिहून घेतलं.

टँकवाला_परळ

ओळखण्याचा मुद्दा एकदम स्पष्ट झाला, आभार. विडो आणि पॅरट रद्द. आता त्या चार ग्लासफिशचं सांगा. दुकानात परत द्यावेत का? आणि उरलेले सहा-सात तिथेच आहेत, तेही आणून बरे करावेत असं डॉक्टर म्हणतायत.

खडेमीठ

परत देऊ नका, ते पुन्हा विकले जातील. आणि उरलेले आणू नका. हे ऐकायला कठोर वाटेल, पण दुकानाच्या हिशोबात ती सरळ विक्री आहे. टाकी रिकामी झाली की पुढच्या आठवड्याला तितकेच रंगवलेले येतात. तुम्ही सहा वाचवता आणि पुढच्या सहांवर सुई चालते. दुकानदाराला कारण सांगून न घेता बाहेर पडा. ते त्याला कळतं.

आता चौघांची व्यवस्था. बादलीतून आज उद्यातच काढा, बादलीत माशांनीच टाकलेला विषारी अमोनिया पटकन चढतो.

४० लिटरचा साधा टँक, खाली खडे-वाळू काही नाही, बाजूंना काळा कागद, वर उजेड मंद. स्पंज फिल्टर, पण नवा कोरा नाही. चालू टँकमधला मुरलेला, म्हणजे अमोनिया खाणारे जीवाणू वाढलेला स्पंज हवा. कोरा फिल्टर पहिले तीन-चार आठवडे अमोनिया खात नाही, आणि जखमी मासा मरतो तो बहुतेक वेळा रंगाने नाही, अमोनियाने. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन मारायला हायपो (सोडियम थायोसल्फेट). १ मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण ७ मिलिग्रॅम हायपो लागतो, म्हणजे ४० लिटरला अर्धा ग्रॅम भरपूर झाला. मूठ-मूठ टाकायची गरज नाही.

मीठ: खडे मीठ, लिटरला २ ग्रॅम, म्हणजे ४० लिटरला ८० ग्रॅम. एकदम नाही, मगभर पाण्यात विरघळवून तीन हप्त्यांत, दीड दिवसात. ग्लासफिशला इतकं मीठ सहज चालतं. (बुडवलेले टेट्रा असते तर १ ग्रॅमवर थांबा म्हटलं असतं.) मिठाने पाणी आणि रक्त यांतली क्षारांची तफावत कमी होते, माशाचा ताण हलका होतो. दर दोन दिवसांनी १० लिटर पाणी बदला आणि मीठ फक्त त्या १० लिटरचं, म्हणजे २० ग्रॅम घाला. इथे हमखास चूक होते: लोक प्रत्येक वेळी पूर्ण ८० ग्रॅम घालतात. पाणी नुसतं उडून कमी झालं असेल तर त्या भरीला मीठ घालायचंच नाही, मीठ उडत नाही.

तापमान २५-२६. व्हाइट स्पॉट या परजीवी रोगासाठी ३० पर्यंत चढवतात ते इथे करू नका. टोचलेल्या जखमांत कॉलम्नॅरिस नावाचा जीवाणू शिरतो आणि तो गरम पाण्यात जास्त वेगाने पसरतो.

खाणं: ग्लासफिश फ्लेक्सकडे बघतही नाहीत. आर्टेमिया, डॅफ्निया (दोन्ही पाण्यातले बारीक जीव), फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या), दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

मऊपाणी

त्या गाठीचा फोटो टाका. तोवर हे तपासा:

घट्ट, पांढरट-करडी, खडबडीत गाठ, परांच्या कडेला, मासा बाकी ठीक खातोय: लिम्फोसिस्टिस. हा विषाणू आहे, कातडीच्या पेशी फुगतात. टोचलेल्या ग्लासफिशमध्ये हा बऱ्याचदा आढळतो. औषध नाही. पाणी स्वच्छ ठेवलं तर काही आठवड्यांत गाठ आपोआप गळते. चिमट्याने काढू नका, ब्लेड लावू नका, त्याने पसरतो. या टँकची जाळी आणि पाइप वेगळे ठेवा.

कापसासारखे तंतू बाहेर आलेले, तेही फक्त जखमेवर: बुरशी. मिथिलीन ब्लू हे बुरशीवरचं औषध चालेल, पण त्याआधी स्पंज बाहेर काढून दुसऱ्या टँकमध्ये ठेवा, नाहीतर फिल्टरमधले उपयोगी जीवाणू मरतील. स्पंज बाहेर असेपर्यंत एअर स्टोन चालू ठेवा आणि पाणी रोज बदला.

सपाट, राखाडी-पांढरा चट्टा, कडेला पिवळसर, आणि एका दिवसात वाढलेला: कॉलम्नॅरिस. याला लोक बुरशी समजून ब्लू टाकत बसतात आणि दोन दिवसांत मासा जातो. यावर अँटिबायोटिक लागतं, आणि ते पशुवैद्यकाकडून. मेडिकलमधून कॅप्सूल आणून टँकमध्ये फोडायचा प्रकार नको.

कमीत कमी चार आठवडे वेगळे ठेवा. रंग हळूहळू फिका होईल, त्याला काही करायचं नाही. तगले तर चौघांना मोठ्या टँकमध्ये न सोडता त्यांचाच छोटा टँक कायम ठेवा, जमल्यास न रंगवलेले दोन-चार जोडीला द्या, हा कळपाने राहणारा मासा आहे. एखादा पार कोलमडला, बाजूवर पडून राहिला, खाणं सुटलं, तर पशुवैद्यकाला विचारून लवंग तेल: लिटरला ०.४ मिली, आधी कोमट पाण्यात जोरात हलवून दुधट करून मग भांड्यात. कल्ले थांबल्यावरही अर्धा तास तसाच ठेवा. कमोडमध्ये किंवा पवई तलावात सोडणं कुठल्याही परिस्थितीत नाही. मासा आपल्याकडचा असला तरी त्याच्याबरोबरचे रोग तलावात जातात.

गिरगाव_अ‍ॅक्वा

कायद्याचं थोडक्यात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा माणूस सोडून कुठल्याही सजीवाला लागू आहे, म्हणजे माशालाही. कलम ११(१) मध्ये विनाकारण वेदना देणं, अपायकारक द्रव्य देणं, आणि अशा छळामुळे वेदनेत असलेला प्राणी विक्रीला ठेवणं, तिन्ही येतात. शेवटचं महत्त्वाचं, कारण "आम्ही रंगवले नाहीत, आम्ही फक्त विकतो" ही सबब तिथे चालत नाही. दंड मात्र पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. आजच्या काळात हा आकडा लाजिरवाणा आहे आणि तो बदलायलाच हवा. तरीही लेखी तक्रारीला किंमत असते: जवळून काढलेले फोटो, तारीख, आणि मिळालं तर बिल जोडून पोलिस ठाण्यात, किंवा परळच्या बॉम्बे एसपीसीए या प्राणी-संरक्षण संस्थेकडे. बिलावर माशाचं नाव "कलर्ड ग्लासफिश" असं लिहून घ्या.

सह्याद्री_बार्ब

आता निळा. तुमचा टँक भरून १५९ लिटर, खडे आणि वरची जागा सोडून १३० धरा. महापालिकेचं पाणी तलावाचं, मऊ. दक्षिण अमेरिकेतल्या माशांना ते जवळपास आयतं जमतं. फक्त दवाखान्याच्या इमारतीत टँकर किंवा बोअरवेलचं पाणी मिसळत असेल तर आधी टीडीएस (विरघळलेले क्षार) आणि हार्डनेस (पाण्याचा कठीणपणा) मोजा.

कार्डिनल टेट्रा, २०. डोळ्यापासून शेपटीपर्यंत निळी रेघ, खाली लाल. निऑन टेट्रा नको, त्याला गार पाणी लागतं, मुंबईच्या मे महिन्यात तो झुरतो. कार्डिनल २८ अंशांतही मजेत असतो. रात्री त्याची रेघ फिकी पडते, सकाळी दिवा लागला की परत येते. डॉक्टरांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर आजारी समजून फोन येईल.

तळाला स्टरबाय कोरी (तळाशी फिरणारा छोटा मांजरमासा), ६ ते ८. बाकीच्या कोरींपेक्षा उष्णता सोसतो. आणि जर्मन ब्लू रॅम या छोट्या सिक्लिडची एक जोडी, अंगभर निळे ठिपके.

पावडर ब्लू ड्वार्फ गोरामी टाळा, त्याच्यात एक विषाणू फार आहे. आणि निळ्यासाठी कुणी आफ्रिकन सिक्लिड सुचवले तर त्यांना कठीण, अल्कधर्मी पाणी लागतं, शिवाय त्यांतल्या पीकॉक जातीची दीड इंची पिल्लं पूर्ण रंगात दिसली तर बहुधा हॉर्मोन दिलेलं असतं. घरी आल्यावर रंग उतरतो, मादी असेल तर पुन्हा येतच नाही.

रंग खुलवण्याचा खरा मार्ग टँकमध्ये आहे. दुकानांत पांढरे खडे, डोक्यावर भगभगीत दिवा, म्हणून चांगला मासाही तिथे फिका दिसतो, तो सभोवतालाशी जुळवून घेत रंग आवरतो. काळी वाळू दीड-दोन इंच, मागे काळी फिल्म, वर तरंगती झाडं, दिवा दिवसाला सात-आठ तास. याच कार्डिनलची रेघ दोन आठवड्यांत दुप्पट उठून दिसेल.

खडेमीठ

एक भर. दवाखान्यात दिवसभर एसी आणि रात्री बंद, म्हणजे पाणी रोज खाली-वर होणार. "मुंबईत हीटर कशाला" म्हणून इथेच फसतात. १५० वॅटचा हीटर, २७ वर लावलेला. एसीचा झोत थेट काचेवर नको.

क्रम असा ठेवा: टँक माशांविना चार ते सहा आठवडे सायकल करा, म्हणजे फिल्टरमध्ये उपयोगी जीवाणू वाढू द्या, अमोनिया आणि त्यापासून बनणारं विषारी नायट्राइट दोन्ही शून्य आले की आधी कोरी. दोन आठवड्यांनी कार्डिनल, दहा-दहाच्या दोन खेपांत, प्रत्येक खेप आधी वेगळ्या टँकमध्ये ठेवून. ग्लासफिशचा टँक त्यासाठी वापरू नका. रॅम सगळ्यात शेवटी, टँक दोन-अडीच महिन्यांचा झाल्यावर, कारण नव्या टँकमधलं नायट्राइट सगळ्यात आधी त्यालाच बाधतं.